चोकच्या जुन्या पट्ट्या उतरवताना: घरच्या वर्कशॉपला नीट उजेड कसा द्यावा

नेरूळच्या आमच्या रो-हाऊसला खाली दहा बाय अठरा फुटांचं गॅरेज आहे. गाडी तिथे फारशी कधी उभी राहिली नाही. सुतारकामाचं बाक, बेंच ग्राइंडर आणि लाकडाचा एक छोटा लेथ, एवढ्यानंच जागा भरते. छताला चार फुटी ट्यूबच्या तीन जोडपट्ट्या होत्या, घर घेतलं तेव्हापासूनच्या. एका संध्याकाळी लेथवर खुंट्या कातताना पॉलिशपेपर घ्यायला वळलो. परत बघतो तर लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक अगदी सावकाश, उलटा फिरत होता. मोटार बंद केली असावी आणि चक थांबत आला असावा असं वाटलं आणि हात पुढे गेला. लेथच्या पट्ट्याची घरघर कानावर आली म्हणून तो हात वेळेवर थांबला. चक तेव्हा मिनिटाला १,४४० फेऱ्यांनी फिरत होता.

आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. तांब्याच्या चोकवर, म्हणजे ट्यूबची वीज आटोक्यात ठेवणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर चालणारी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि तितक्याच वेळा मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरणाऱ्या यंत्रावर कळतं. १,४४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २४. दोन झोतांच्या मधल्या वेळात चक ०.२४ फेरा पुढे जातो. चार जबडे पाव-पाव फेऱ्यावर असल्यामुळे पुढचा जबडा आधीच्याच्या जागेवर पोचायला किंचित कमी पडतो, आणि चक दर झोताला जरासा मागे सरकल्यासारखा दिसतो. हिशेब केला तर सेकंदाला एक उलटा फेरा. तीन जबड्यांचा चक २,००० फेऱ्यांना तर जागच्या जागी थांबलेला दिसेल. कारखान्यांत यासाठी शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकत, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी मंदावत नसत. घरच्या गॅरेजला बहुधा एकच फेज असते, त्यामुळे तो उपाय आपल्याला नाही.

बिल कमी व्हावं म्हणून बहुतेक जण ट्यूब बदलतात. वर्कशॉपमध्ये त्याआधी बोटांचा आणि डोळ्यांचा विचार करायचा असतो. नव्यानं हे काम करणाऱ्यांसाठी मी ज्या क्रमानं केलं, तोच क्रम पुढे लिहितो. जिथे चुकलो, तेही सांगतो.

छताला काय आहे ते आधी ओळखा

ट्यूबची जाडी मोजा. दीड इंच, म्हणजे ३८ मिमी असेल तर ती टी-१२, ४० वॅटची. एक इंच, २६ मिमी असेल तर टी-८, ३६ वॅटची. बारीक, १६ मिमीची असेल तर टी-५, बहुधा २८ वॅटची. ‘टी’नंतरचा आकडा इंचाच्या आठव्या भागांत मोजलेली जाडी सांगतो. टी-५ ची पट्टी लांबीलाही थोडी आखूड असते, चार फुटी टी-८ मापाची एलईडी ट्यूब तिच्यात बसत नाही. हे न बघता दुकानातून ट्यूब घेऊन येणारे खूप असतात.

पट्टीच्या बाजूला गोल, बोटभर स्टार्टर दिसत असेल आणि पट्टी वजनाला जड असेल, तर आत तांब्याचा चोक आहे. स्टार्टर नसेल, बटण दाबताच ट्यूब न लुकलुकता लागत असेल, तर आत इलेक्ट्रॉनिक चोक असण्याची शक्यता जास्त. तो हजारो हर्ट्‌झवर चालतो, त्यामुळे वर सांगितलेला धोका त्यात जवळजवळ नसतो.

विजेचा हिशेबही इथेच उरकतो. ४० वॅटची ट्यूब आणि चोकमध्ये वाया जाणारे दहा-बारा वॅट धरले की एका ट्यूबमागे पन्नासेक वॅट होतात. माझ्या सहा ट्यूब मिळून ३०० वॅट. त्याऐवजी २० वॅटचे सहा एलईडी घेतले तर १२० वॅट. रोज तीन तास काम केलं तर महिन्याला १६ युनिट वाचतात. महावितरणच्या बिलावर तुमचा शेवटचा स्लॅब बघून तो आकडा रुपयांत काढा. बचत आहे, पण केवळ तेवढ्यासाठी छत उकरावं इतकी मोठी नाही.

आणखी एक कारण आहे. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या बैठकीत लांब फ्लुओरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरलं. भारत त्या करारात आहे. चांगल्या ट्यूब, चोक आणि स्टार्टर यापुढे मिळायला अवघड होत जाणार.

सावली कुठे पडते ते बघा

खरेदीला निघायच्या आधी ही पायरी करा. मी ती आधी केली नव्हती. दोन नवे दिवे जुन्या जागीच लावले आणि आठवड्यात परत काढले.

रात्री आठनंतर शटर ओढून घ्या, म्हणजे रस्त्याचा उजेड आत येणार नाही. जिथे उभं राहून काम करता तिथे उभे राहा. बाकावर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर पेन्सिल उभी धरा. सावली कोणत्या बाजूला, किती गडद पडते ते बघा. मग पुढे वाका, पटाशी चालवताना वाकतो तसे. बहुतेक गॅरेजमध्ये दिवा छताच्या मधोमध असतो आणि बाक भिंतीला लागून. म्हणजे उजेड पाठीवर येतो आणि कामावर आपल्याच डोक्याची सावली पडते. अशा ठिकाणी कितीही वॅटचा दिवा लावा, खुणेची रेघ दिसणार नाही.

म्हणून बाकावरचा दिवा तुमच्या डोक्याच्या पुढे हवा. बाकाच्या पुढच्या कडेच्या किंचित आत, बाकाला समांतर, आणि बाकाइतकाच लांब. चार फुटी दिवा एकाच बिंदूतून उजेड टाकत नाही, म्हणून त्याची सावली मऊ पडते. एकच प्रखर फोकस टांगला तर प्रत्येक हत्याराला काळी, धारदार सावली येते आणि करवत रेघेवर आहे की सावलीवर, ते कळत नाही.

लेथला दोन्ही बाजूंनी उजेड द्या. ग्राइंडरला वरून आणि थोडा डावीकडून, उजव्या हाताचे असाल तर. शटरच्या गुंडाळीखाली किंवा शटर वर जातं त्या वाटेत दिवा लावू नका.

मग हिशेब. उजेड लक्समध्ये मोजतात, एक चौरस मीटरवर पडणारे लुमेन म्हणजे लक्स. माझं माप असं: सगळ्या खोलीत ३०० लक्स, बाकावर ५०० आणि बारीक खुणा, कोरीव काम किंवा पॉलिश बघायचं असेल तिथे ७५०. दहा बाय अठरा फूट म्हणजे साधारण १६.७ चौरस मीटर. त्याला ३०० ने गुणलं की ५,००० लुमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड बाकापर्यंत पोचत नाही. भिंती थोडा खातात, धूळ थोडा खाते, दिवा जुना होतो. निम्मा वाया जातो असं धरा. म्हणजे १०,००० लुमेन लागतील. २० वॅटचा बरा बॅटन, म्हणजे पट्टीसकट येणारा लांब एलईडी दिवा, २,००० लुमेन देतो, म्हणून खोलीसाठी पाच. बाकावर एक आणि लेथवर एक वेगळा. मोबाइलमधलं लक्स मोजायचं अॅप आकडा अचूक देत नाही, पण दोन जागांची तुलना करायला पुरेसं आहे.

यातलं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे छत आणि भिंतींचा वरचा भाग पांढरा रंगवणं. आमच्या छतावर वीस वर्षांची भुसा-तेलाची खपली होती. ती खरवडून पांढरा डिस्टेंपर मारला तेव्हा जुन्याच ट्यूबखाली फरक दिसला.

तीन वाटा, आणि मी कोणती घेतली

पहिली वाट सर्वांत सोपी. चोक तसाच ठेवायचा, ट्यूब काढून एलईडी ट्यूब लावायची आणि स्टार्टरच्या जागी तिच्यासोबत येणारा एलईडी स्टार्टर बसवायचा. त्या स्टार्टरच्या आत फक्त फ्यूज असतो. वायरीला हात लावावा लागत नाही, भाड्याच्या जागेत हे बरं. पण जुना चोक वीज खात राहतो, गुणगुणत राहतो आणि एक दिवस जळतो, तेव्हा दोष ट्यूबचा की चोकचा ते शोधत बसावं लागतं. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर मात्र ही वाट घेऊच नका, ट्यूबच्या खोक्यावर तो चोक चालेल असं स्पष्ट छापलेलं असल्याशिवाय.

दुसरी वाट म्हणजे चोक आणि स्टार्टर काढून टाकायचे आणि होल्डरला सरळ २३० व्होल्ट द्यायचे. यात एलईडी ट्यूब कोणत्या जातीची आहे ते खोक्यावरच्या आकृतीत बघणं फार महत्त्वाचं. काही ट्यूबमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला द्यायचे असतात. काहींमध्ये एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल. दुसऱ्या जातीत एक टोक होल्डरमध्ये घालून दुसरं हातात धरलं, तर हातातल्या पिनांना करंट असू शकतो. ट्यूब घालताना-काढताना मेन स्विच बंद हवाच, नुसतं बटण बंद असून भागत नाही. शिवाय पुढे कुणी चुकून त्या पट्टीत साधी ट्यूब लावली तर तिच्यात सरळ मेनची वीज जाईल आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून पट्टीवर मार्करनं लिहा: ‘चोक नाही, फक्त एलईडी ट्यूब’. जुनी पट्टी लोखंडी, मोठ्या परावर्तकाची आणि गंज न लागलेली असेल, तरच ही मेहनत घेण्याजोगी आहे.

तिसरी वाट म्हणजे जुनी पट्टी पूर्ण उतरवून नवा एलईडी बॅटन लावायचा. मी हीच घेतली आणि नवख्यांनी हीच घ्यावी असं माझं मत आहे. खाडीच्या जवळ राहणाऱ्यांच्या पट्ट्या आतून गंजलेल्या असतात, होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडून बोटाखाली चुरतं. अशा सांगाड्यात नवी ट्यूब घालणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा शिडीवर चढणं.

दुकानात काय बघायचं

एकगठ्ठा खरेदी असेल तर मुंबईतल्या लोहार चाळीत भाव बरे मिळतात. सहा-सात दिव्यांसाठी मात्र मी आपल्याच भागातल्या दुकानातून घेईन. एलईडी खराब निघाला तर बदलायला जाणं सोपं पडतं, आणि सहा-सातांत एखादा निघू शकतो.

खोक्यावर वॅट नंतर बघा, आधी लुमेन वाचा. बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. व्होल्टेजची मर्यादा आणि सर्ज संरक्षण किती किलोव्होल्टचं आहे तेही बघा. जास्त असेल ते घ्या, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते आणि त्या झटक्यात दिव्यापेक्षा त्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, आधी जातो. लाकडाचा भुसा उडत असेल तर धूळ-पाण्यापासून बंद असलेला आयपी-६५ दर्जाचा बॅटन घ्या. तो महाग असतो, म्हणून मी फक्त लेथ आणि ग्राइंडरवर लावला.

रंगाचं म्हणाल तर आपल्याकडे सवयीनं ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा दिला जातो. धातूच्या कामाला तो चालतो. लाकडाला नाही. सागवानाचा आणि शिसवाचा खरा रंग त्यात फिका दिसतो, आणि पॉलिश करून बाहेर उन्हात आणलं की डाग दिसतात. ४,००० केल्विनचा घ्या. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, रंग किती खरे दिसतील ते तो सांगतो. ८० ठीक, बाकासाठी ९० मिळाला तर उत्तम. एकाच खोलीत दोन रंगांचे दिवे मिसळू नका.

आणि लेथवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: एलईडी आहे म्हणजे झोत बंद झाले असं नाही. स्वस्त ड्रायव्हरचे एलईडीसुद्धा सेकंदाला १०० वेळा लपलपतात, कधी ट्यूबपेक्षाही जास्त, कारण ट्यूबमधली पावडर क्षणभर तरी उजेड धरून ठेवते. दुकानदाराला दिवा लावून दाखवायला सांगा आणि मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. चित्रात दिवा धडधडताना दिसला तर तो वर्कशॉपसाठी नको. दुकानात कुणी विचित्र नजरेनं बघितलं तरी चालेल.

काम

आधी हद्द ठरवा. विजेच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा किंवा बटण जसंच्या तसं बदलणं घरमालकाला चालतं, पण नवी वायर ओढणं, पॉइंट वाढवणं हे परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यायचं असतं. मी दिवे स्वतः उतरवले-चढवले, नव्या पॉइंटची वायरिंग परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतली. कंपाउंडमध्ये पाणी असेल, भिंत दमट असेल तर काम पुढे ढकला.

मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. हे नव्यांना सुचत नाही: मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर स्वतःहून चालू होतो आणि गॅरेजचा दिवा त्याच्यावर असेल तर वायरीत २३० व्होल्ट तसेच राहतात. बोर्डावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावा आणि घरच्यांना सांगा. नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग पट्टीच्या वायरींवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही बघा, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू पॉइंटवर तपासा. चालू पॉइंटसाठी शेजारच्या घराची मदत घ्यावी लागेल, घ्या.

ट्यूब दोघांनी उतरवा. जुन्या होल्डरमध्ये ती पाव वळण फिरवून सुटते, काहींत एका बाजूला दाबून. ओढाताण करू नका. उतरवलेली ट्यूब लगेच नव्या दिव्याच्या खोक्यात घाला. मग पट्टीचं झाकण काढा. जुन्या पट्टीत चोकशेजारी कपॅसिटर असू शकतो आणि वीज बंद केल्यावरही त्यात काही वेळ भार राहतो. इन्सुलेट दांड्याच्या पेंचिसनं वायर कापताना दोन वायरी एकत्र कापू नका, आणि कपॅसिटरच्या टोकांना बोट लावू नका. पट्टी वजनदार असते, एकानं धरली असतानाच स्क्रू काढा.

छतातून आलेल्या वायरी नीट बघा. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असं असायला हवं, पण रंगावर भिस्त ठेवू नका. मला हिरवी वायर न्यूट्रल म्हणून वापरलेली मिळाली. वायरचं आवरण वाकवताच तडकत असेल तर थांबा आणि ती वायर बदलून घ्या. दिव्यांना १.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) पुरतो. सात बॅटनचा भार पाऊण अँपिअरच्या आत येतो, एमसीबी असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. दिव्यांची लाइन मोटारींच्या लाइनपासून वेगळी घ्या. ग्राइंडर बंद होताना जो झटका येतो त्यानं ड्रायव्हर मरतात. शिवाय एमसीबी पडला तर मशीन थांबायच्या आधी अंधार होता कामा नये. आणि गॅरेजला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर दिव्यांआधी तो बसवून घ्या.

आता नव्या जागा. छतावर खडूची रेघ मारा, क्लिप लावायच्या खुणा करा, ड्रिलनं भोकं पाडून प्लग ठोका. डोळ्यांवर चष्मा हवा, सिमेंटची धूळ सरळ खाली येते. बॅटन धातूच्या अंगाचा असेल तर अर्थ जोडायलाच हवा. प्लास्टिकच्या अंगाच्या बॅटनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थ लागत नाही. जोड कनेक्टरमध्ये घ्या, पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात सैल पडतो. बाकावरचा दिवा छताला चिकटवण्याऐवजी साखळीनं टांगला तर बाकापासून चार फुटांवर आणता येतो.

लावल्यावर

वीज सुरू करून सगळे दिवे अर्धा तास चालू ठेवा. बटण बंद केल्यावरही एखादा दिवा अंधारात मंद जळत असेल तर बटणातला निऑन (खुणेचा बारीक दिवा) काढून बघा. त्यानं थांबलं नाही तर बटण बहुधा न्यूट्रलवर आहे, फेजवर नाही. म्हणजे बटण बंद असतानाही दिव्यात फेज पोचते. हे वायरमनकडून लगेच सरळ करून घ्या.

जुन्या ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत पारा आहे, मिलिग्रॅममध्ये असला तरी फुटल्यावर त्याची वाफ होते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत या ट्यूब येतात, तेव्हा सोसायटीत किंवा महापालिकेतर्फे ई-कचऱ्याचं संकलन असेल तिथे खोक्यासकट द्या. चोक वेगळे काढा, त्यातल्या तांब्यासाठी भंगारवाला ते घेतो. ट्यूब फुटलीच तर शटर उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, पंधरा मिनिटं थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्यानं पारा पसरतो. जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करा, उरलेली पावडर चिकटपट्टीनं उचला, ओल्या कागदानं पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा.

शेवटी लेथ. चकच्या एका जबड्यावर खडूनं ठळक रेघ ओढा, मोटार पूर्ण वेगात चालू करा आणि दोन हात लांब उभे राहून बघा. जबडे दिसेनासे होऊन सलग राखाडी चकती दिसली पाहिजे. जबडे वेगवेगळे दिसले, थांबल्यासारखे किंवा सावकाश सरकताना दिसले, तर लेथवरचा दिवा उतरवा आणि बिल घेऊन दुकानात जा. माझा पहिला दिवा असाच परत गेला. दुसऱ्या खाली चक धूसर दिसला, तेव्हा कुठे अर्ध्यावर राहिलेल्या खुंट्या पुन्हा हातात घेतल्या.